खोटी किंमत

गेल्या फेब्रुवारीत मी पुण्याच्या तांबट आळीत तांब्याची भांडी घडवणाऱ्या एका वयस्कर कारागिराशी खोटे बोलले. खोटे तसे किरकोळ होते. एका घागरीची किंमत ३,८०० रुपये होती, ती मी १,८०० सांगितली, एवढेच. अशा खोट्या किमती आपण आयुष्यात कितीदा तरी सांगतो आणि घरी पोहोचेपर्यंत विसरूनही जातो. ही मात्र विसरता आली नाही. सिग्नलला थांबलेली असताना, कणीक तिंबताना, रात्री दिवा मालवल्यावर तो आकडा ऐकून त्या माणसाचा पडलेला चेहरा डोळ्यांपुढे येत राहिला आणि बारीक कुसळ बोटात राहून जावे तसे काहीतरी ठसठसत राहिले.

घागर मी आदल्या दिवाळीत मोबाइलवरून मागवली होती. तांब्याची, पोटाशी पितळी तोटी बसवलेली, वर गोल मुठीचे झाकण आणि अंगभर हातोडीचे ठोके दिल्यासारखे चकाकते खळगे. कारागिरांनी ती हाताने घडवल्याचे विक्रीच्या पानावर लिहिले होते. सोबत एका सुरकुतलेल्या हाताचे छायाचित्र होते आणि त्या हातालाच मी भुलले, हे आता कबूल करायला हरकत नाही. तीन महिन्यांत तोटीच्या मुळाशी पाणी झिरपू लागले. सकाळी उठून पाहावे तर ओट्यावर लहानसे तळे साचलेले असे. विकणाऱ्यांना कळवले, तेव्हा वस्तू बदलून देण्याची मुदत संपली असल्याचे अत्यंत नम्र भाषेत उत्तर आले. ते माणसाने लिहिले होते की यंत्राने, हे समजायलाही मार्ग नव्हता. कोपऱ्यावरच्या भांड्यांच्या दुकानदाराने घागर हातातसुद्धा न घेता ती मोडीत घालण्याचा सल्ला दिला. शेवटी सासूबाई म्हणाल्या, "अगं, तांबट आळीत नेऊन तर बघ. अजून असतील कोणी."

मेट्रोने कसबा पेठेत उतरले आणि पिशवीतली घागर सांभाळत पेठेच्या अरुंद बोळांतून निघाले. आळी दिसण्याआधी ऐकू आली. एका लयीत पडणारे ठोके, मध्येच दुसऱ्या घरातून त्यात मिसळणारे जरा वरच्या पट्टीतले ठोके, मग एकदम शांतता आणि त्या शांततेत कुठल्या तरी माळ्यावरून येणारी कुकरची शिट्टी. पेशवाईत कोकणातून आलेली तांबटांची घराणी या भागात वसली, पुढे पिढ्यानुपिढ्या इथेच राहिली. खाली काम आणि वर बिऱ्हाड अशी जुनी रचना अजून काही ठिकाणी टिकून आहे. दोन नव्या इमारतींच्या बेचक्यात एक बसके, काजळलेले दार होते. आत साठी ओलांडलेले एक गृहस्थ जमिनीत रोवलेल्या लोखंडी ऐरणीपुढे बसले होते. चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली, मांडीवर गोणपाट आणि एका पायाच्या तळव्याने तोललेली अर्धवट झालेली परात.

त्यांनी घागर घेतली, आधी हातात तोलून वजनाचा अदमास घेतला, मग झाकण काढून कोपरापर्यंत हात आत घातला आणि डोळे मिटून बोटे फिरवली. डॉक्टर पोट तपासताना जसे कुठेतरी भलतीकडेच बघत असतात, तसे काहीसे ते दिसत होते.

"ताई, हे मठारकाम नाही. छाप आहे."

त्यांनी माझा हात आत घालायला लावला. बाहेरचा प्रत्येक खळगा आतून फुगवटा होऊन बोटाला लागत होता. मग त्यांनी शेजारची स्वतःची घागर पुढे सरकवली. तिचे पोट आतून जवळजवळ गुळगुळीत होते, कारण मठारताना, म्हणजे हातोडीने ठोके देताना, भांड्याला आतून ऐरणीचा आधार असतो आणि घासलेल्या चकचकीत तोंडाच्या हातोडीखाली पत्रा तिथल्या तिथे दाबला जातो. ठोके ओळीने, एकावर एक थोडे चढत जातात. कोणतेही दोन ठोके हुबेहूब सारखे नसतात, तरी ओळ कुठे चुकत नाही. माझ्या घागरीवर मात्र नक्षी ठरावीक अंतराने पुन्हा तीच येत होती. एकदा दिसल्यावर ते दिसणे थांबेना. तीन महिने रोज जी वस्तू पुसली, तिच्या अंगावर हे उघड लिहिलेले होते आणि मला ते वाचता आले नव्हते.

मठारणे केवळ शोभेसाठी नसते, हेही त्या दिवशी कळले. तांबे ठोकले की कठीण होते, तापवून लाल केले की पुन्हा नरम पडते. घडवताना त्याला कितीदा तरी भट्टीत नरम करावे लागते आणि शेवटी मठारून कणखर करावे लागते, म्हणून तुलनेने पातळ पत्र्याचे भांडेही पोचे न पडता दोन-दोन पिढ्या चालते. त्यांनी आपल्या घागरीला टिचकी मारली, ती बराच वेळ घुमत राहिली. माझ्या घागरीला मारली, तेव्हा ती नुसती 'टक' म्हणाली.

"केवढ्याला पडली?" त्यांनी विचारले.

आणि माझ्या तोंडून "अठराशे" निघाले.

ते क्षणभर थांबले. हातोडी त्यांनी गोणपाटावर आडवी ठेवली. "अठराशे," ते स्वतःशीच म्हणाले. "एवढ्यात पत्रा, तोटी, मजुरी, घरपोच पाठवणं, सगळं बसवतात? मी या घागरीला पाच हजार सांगतो आणि गिऱ्हाईक निघून जातं. मग त्याचं काही चुकत नाही म्हणायचं." आवाजात राग नव्हता, हिशेब होता. तोटी काढून, भोक साफ करून, डाख देऊन पुन्हा बसवायचे दोनशे रुपये त्यांनी सुरुवातीला सांगितले होते. निघताना मात्र दीडशेच घेतले. उरलेली पन्नासची नोट मी पर्समध्ये ठेवली.

मी खोटे का बोलले, याचा विचार पुढे बरेच दिवस केला. पहिले उत्तर सोपे होते, मी फसले होते आणि ते उघडे पडू नये असे वाटत होते. पण त्याखाली आणखी एक जुनी सवय होती. आपल्याकडे वस्तू किती स्वस्तात मिळवली, यावर घेणाऱ्याची हुशारी ठरते. तुळशीबागेतून आणलेल्या पिशवीची किंमत मैत्रिणीला सांगताना आपण सहज वीस-पंचवीस रुपये खाली घेतो आणि ती "अय्या, एवढ्यात?" म्हणाली की सुखावतो. ही बढाई आजवर निरुपद्रवी वाटत होती. त्या दिवशी ती एका अशा माणसापुढे मारली गेली, ज्याला ती किंमत बाजारभाव म्हणून ऐकू आली. आपल्या हाताची मजुरी जास्त आहे की काय, असा संशय मी त्याच्याच मनात त्याच्याच कामाबद्दल घातला. मोबाइलवरची खोटी जाहिरात निदान मला फसवत होती. मी त्या जाहिरातीचे काम फुकट पुढे नेले.

साताऱ्याकडच्या आमच्या घरी वर्षातून दोनदा कल्हईवाला येत असे. परसात खड्डा करून तो कोळसे पेटवी, आम्ही मुले भाता हलवायला भांडत असू. तापलेल्या पातेल्यात नवसागराची पूड पडली की पांढरा, नाकात झोंबणारा धूर उठे, त्यातच कथिलाची कांडी फिरे आणि कापसाचा बोळा घेतलेला हात गर्रकन गोल जाई. काळेभोर भांडे एका श्वासात चांदीसारखे होई. मग पाण्यात बुडवताना होणारा तो चर्र आवाज. तांबे वितळायला १,०८५ अंश लागतात आणि कथील २३२ अंशांनाच पातळ होते, म्हणून हे सगळे जमते, असे पुढे वाचले. त्या वेळी ती निव्वळ जादू होती. आजीला जादूशी कर्तव्य नसे. ती एकेक भांडे उजेडात धरून आत स्वतःचे तोंड दिसते का ते बघे आणि न दिसल्यास काही न बोलता ते पुन्हा निखाऱ्यांशेजारी ठेवून देई. कल्हईवालाही काही न बोलता ते पुन्हा तापवी. एकदा पातेल्याची कल्हई उडालेली कोणाच्या लक्षात आली नाही आणि चिंचेची आमटी कळकली. ती हिरवट, मळमळणारी चव अजून जिभेच्या मुळाशी आहे. 'कळकणे' हा शब्द माझ्या मुलीला सांगावा लागतो, कारण कळकण्यासारखे घरात काही उरलेलेच नाही.

इथे जरा सावध व्हावे लागते. तांब्यापितळेच्या आठवणीने गहिवरणारी मी, घरचे हंडे चिंच-मिठाने रोज घासणारी नव्हते. घासणारी माझी आई होती. स्टील आले तेव्हा तिने तीन हंडे, दोन घंगाळी आणि आजीचा बंब वजनावर मोडीत दिला आणि त्या पैशांत लखलखीत स्टीलचा संच आणला. त्या दिवशी ती केवढी आनंदात होती, हे मला चांगले आठवते. तिला मी दोष देऊ शकत नाही. वाचले फक्त एक पातेले, कारण त्याच्या काठावर ठिपक्या-ठिपक्यांनी आजीचे नाव, लग्नाची तिथी आणि १९६१ हे साल कोरलेले होते. नाव घातलेले भांडे मोडीत देणे आईला जड गेले असावे. मोड द्यावी आणि नवे घ्यावे, ही मात्र तेव्हाची रीतच होती. तांब्याला मरण नव्हते. वजनाचे पैसे वजा जाता घडणावळ तेवढी द्यायची, जुना हंडा वितळून कोणाच्या तरी रुखवतातली कळशी होऊन निघायचा. आजच्या भाषेत त्याला पुनर्वापर वगैरे म्हणतात आणि त्याची चर्चासत्रे होतात. आजीला ते नाव ठाऊक नव्हते.

तोटी बसवून होईपर्यंत मी तिथे तासभर तरी बसले असेन. त्या तासात दाराशी कोण कोण आले, ते मोजायचे असे काही ठरवले नव्हते, पण मोजले गेले. चहावाला मुलगा न सांगता दोन कप ठेवून गेला, हिशेब भिंतीवर खडूने. कोळशाच्या पोत्याचे उरलेले पैसे मागायला एक जण आला. शेजारच्या बाईंची कढईची मूठ निखळली होती, ती त्यांनी रिबीट मारून दिली आणि पैसे घेतले नाहीत, त्या बदल्यात संध्याकाळी वाटीभर काहीतरी येणार होते, असे दोघांच्या बोलण्यावरून कळले. शिवजयंतीच्या वर्गणीचे पावतीपुस्तक घेऊन पोरे आली. पाचशे मागितले, काकांनी दोनशे एक दिले, पोरांनी कुरकुर केली, काकांनी त्यातल्या एकाला दहावीचा अभ्यास कसा चालला आहे ते विचारले आणि कुरकुर थांबली. माझ्या ३,८०० रुपयांतले किती रुपये असे कोणाच्या दारावरून फिरले असतील? ज्या गोदामातून माझी घागर निघाली, त्याला वर्गणी मागायला कोणी जात नाही आणि तिथल्या माणसाला कढईची मूठ दाखवता येत नाही.

मध्येच त्यांनी मला विचारले होते, "घरात माणसं किती? ओटा केवढा उंच?" मी नवी घागर घेणार आहे, असा त्यांचा समज झाला होता बहुधा. ओट्याच्या काठाशी घागर ठेवली, तर तोटीखाली लोटी सरळ उभी राहिली पाहिजे, कलती धरावी लागली की मनगट भरून येते, म्हणून तोटी किती बोटे वर लावायची ते गिऱ्हाइकाच्या लोटीवर ठरते, असे ते म्हणाले. आणि लगेच बजावले, "पाणीच ठेवा हां. लिंबूपाणी, ताक, कोकम काही नाही. त्याला कल्हई लागते." माझी घागर मागवताना त्या पानावर आरोग्याचे पंधरा फायदे दिले होते. त्यात ताकाचा उल्लेख नव्हता.

आमच्या सोसायटीच्या मागे एक वड आहे. थंडी ओसरू लागली की त्यावर तांबट पक्षी येतो आणि दुपारभर टुक्-टुक्-टुक् करत बसतो. हिरवा, कपाळावर लाल टिळा असलेला आणि पानांत सहसा न सापडणारा. त्याच्या आवाजाची चित्रफीत सोसायटीच्या गटावर दरवर्षी कोणी तरी टाकते आणि खाली पन्नास हृदये उमटतात. ज्यांच्या हातोडीवरून त्या पक्ष्याला नाव मिळाले, त्यांच्या आळीत मात्र नव्या इमारतींमधले रहिवासी दुपारच्या झोपेत ठोक्यांचा त्रास होतो म्हणून तक्रार करतात. काका हे हसतहसत सांगत होते. "आता दोन ते चार मठारत नाही. तापवायचं, घासायचं काम काढतो."

त्या रात्री घरी येऊन मी उगाच याद्या चाळत बसले. पंजाबातल्या जंडियाला गुरू इथल्या ठठेऱ्यांच्या तांब्या-पितळेच्या भांडीकामाला युनेस्कोने २०१४ मध्ये अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतले आहे. आनंद वाटला. मग पीएम विश्वकर्मा योजना पाहिली. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या या योजनेत १८ पारंपरिक व्यवसाय आहेत. सुतार, लोहार, सोनार, कुंभार, चर्मकार, शिंपी, इतकेच काय मासेमारीची जाळी विणणारेही आहेत. तांबट वेगळा असा नाही. आळीतले लोक स्वतःला त्वष्टा कासार म्हणवतात, आणि त्वष्टा म्हणजे देवांचा कारागीर, ज्याला पुराणांत पुढे विश्वकर्म्याशी एकरूप मानले गेले. विश्वकर्म्याच्या नावाच्या यादीतून त्वष्ट्याचीच माणसे निसटावीत, यावर आळीतल्या कालिकामातेच्या देवळाच्या पायरीवर बसून कोणी तरी चांगला विनोद करील. मला तो सुचला नाही.

हाताने घडवलेल्या वस्तूंबद्दल लिहिणारे सहसा एक गोष्ट टाळतात, ती म्हणजे त्या घेणे गैरसोयीचे असते. 'गुरुवारी या' म्हटल्यावर कोणत्या गुरुवारी ते विचारावे लागते. रंग दोन भांड्यांचा सारखा येत नाही. पैसे जास्त पडतात, आणि ज्याला महिनाअखेरीला दुधाचा हिशेब जुळवायचा आहे त्याला पाच हजारांच्या घागरीचे कौतुक सांगणे हा उद्धटपणा आहे. आणि हाताने म्हणजे सगळेच हाताने, असेही नाही. काकांच्या भट्टीला आता भाता नाही, विजेचा पंखा आहे. काही भांड्यांचा मूळ आकार ते यंत्रावर काढून आणतात आणि मठारतात तेवढे स्वतः. हे त्यांनी मी न विचारता सांगितले. वर त्यांच्या घरात स्वयंपाक स्टीलमध्ये आणि डोसा नॉनस्टिक तव्यावर होतो, हेही सांगितले. मुलगा हिंजवडीला संगणकाच्या कंपनीत आहे. "त्याला येतं सगळं. रविवारी मठारतोसुद्धा. पण रविवारीच." यातून मला काय वाटावे, हे अजून नीट ठरत नाही. मुलाने हातोडी धरावी असे मला वाटते, आणि माझी मुलगी तांबट आळीत काम शिकायला गेली तर मी काय म्हणेन, हेही मला चांगले ठाऊक आहे.

मार्चमध्ये आजीचे पातेले कल्हईला घेऊन पुन्हा गेले. तसे पातेल्याचे निमित्तच होते. सोबत पिशवीत ती छापाची घागरही होती, तोटी आता थेंबभरही गळत नव्हती. काकांनी पातेले हातात घेतल्यावर काठावरची ठिपक्यांची अक्षरे अंगठ्याने चाचपली. "कोणाचं?" आजीचे, असे मी सांगितले. "चांगला हात आहे कोरणाऱ्याचा," ते म्हणाले. पातेले निखाऱ्यांवर चढले. नवसागर पडायच्या आधी बोलून टाकावे, धुरात बोलता येणार नाही, असे वाटले.

"काका, मागच्या वेळी मी घागरीची किंमत चुकीची सांगितली. अठराशे नाही. अडतीसशे."

त्यांनी पकडीतले पातेले तसेच धरून माझ्याकडे पाहिले. मग ते खाली ठेवले, उठले, पिशवीतली घागर काढून काट्यावर ठेवली. एक किलो दोनशे चाळीस ग्रॅम. बोटांच्या पेरांवर काहीतरी हिशेब केला, पुन्हा केला. हळूहळू चेहऱ्यावर हसू पसरत गेले आणि त्यांनी दाराशी जाऊन समोरच्या घराकडे आवाज टाकला, "ऐकलंस का रे, सव्वा किलोच्या छापाच्या घागरीला अडतीसशे!"

समोरचे ठोके थांबले. "घेतं कोण?" आतून कोणी तरी ओरडले.

मी पातेल्याकडे बघत उभी होते.

"घेतात कोणी कोणी," काका म्हणाले आणि माझ्याकडे न बघता निखाऱ्यांपाशी येऊन बसले. नवसागराची चिमूट पडली, धूर उठला, कथिलाची कांडी काठापासून खाली उतरली आणि कापसाचा बोळा गर्रकन फिरला. पाण्यातून काढून त्यांनी पातेले दाराच्या उजेडात धरले, आत वाकून पाहिले, मग मला वाकायला सांगितले. तोंड स्पष्ट दिसत होते. कल्हईचे त्यांनी साडेतीनशे सांगितले आणि या वेळी काही कमी केले नाहीत.